घरी जाऊन अखेरची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेची व्यावसायिक ओळख कशी घडते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात घरपोच हॉस्पिस सेवेत नव्याने आलेल्या परिचारिका पहिल्या काही महिन्यांत जे प्रश्न विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देणारी व्यक्ती अकरा वर्षे वॉर्डात काढून या कामात आलेली परिचारिका आहे. त्यामुळे काही उत्तरे लांबली आहेत आणि काही ठिकाणी तिचे मत उघडपणे डोकावते.

हॉस्पिस म्हणजे तर इमारत असते ना? मग घरपोच हॉस्पिस हा काय प्रकार आहे?

हॉस्पिस म्हटले की मुंबईकरांना वांद्र्याचे शांती आवेदना सदन आठवते. १९८६ साली सुरू झालेले ते भारतातील पहिले हॉस्पिस. परंतु बरा न होणारा आजार अखेरच्या टप्प्यात आल्यावर माणसाच्या वेदना, धाप, उलट्या, वास येणाऱ्या जखमा आणि भीती आटोक्यात ठेवणे हे काम इमारतीशिवायही होते. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी दोनच वर्षांत तेथून घरभेटींची सेवा सुरू केली होती. त्या मुळात परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि पुढे डॉक्टर झाल्या. वेदना केवळ शरीराची नसते, तिला मनाची, घराची आणि श्रद्धेची अंगे असतात, हे त्यांनी मांडले, त्यामागे खाटेशेजारी उभे राहिलेल्या परिचारिकेची नजर होती, असे मला नेहमी वाटते. आपल्याकडे कोझिकोड येथे १९९३ साली सुरू झालेल्या कामातून केरळात घरभेटींचा आणि शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचा मोठा विस्तार झाला. ठाण्यात आणि नवी मुंबईत आपण ज्यांच्या घरी जातो, त्यांतील अनेकांची फाइल परळच्या टाटा रुग्णालयातून किंवा खारघरच्या केंद्रातून आलेली असते आणि तिच्यावर आता केवळ आधार देणारे उपचार करावेत, अशा अर्थाची एक ओळ असते. आपले काम त्या ओळीनंतर सुरू होते.

माझी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी आहे. मग 'व्यावसायिक ओळख' म्हणून आणखी वेगळे काय मिळवायचे?

नोंदणीमुळे काम करण्याचा अधिकार मिळतो. 'या क्षणी, या खोलीत, मी कोण आहे आणि माझ्याकडून काय अपेक्षित आहे' याचे उत्तर मात्र नोंदणीपत्रात नसते. वॉर्डात हे उत्तर आपल्याला आयतेच मिळते, कारण गणवेश, ड्युटीचे वेळापत्रक, राउंड, इन्चार्ज सिस्टर आणि ट्रॉली या सगळ्या गोष्टी मिळून आपण कोण आहोत हे सतत सांगत असतात. घणसोलीतील एखाद्या वन आरकेमध्ये चप्पल बाहेर काढून आपण आत गेलो की यांतले काहीच सोबत येत नाही. तेथे आपण आधी पाहुण्या असतो आणि मग परिचारिका. या दोन्ही भूमिका एकाच वेळी कशा निभवायच्या, हे शिकण्याच्या प्रक्रियेलाच मी व्यावसायिक ओळख घडणे म्हणते.

वॉर्डाचा इतका अनुभव असूनही पहिल्या दिवशी अगदी नवखे वाटले. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. अमेरिकेतील परिचर्या-अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली परिचारिकेच्या वाटचालीचे नवशिकी ते निष्णात असे पाच टप्पे मांडले. त्यांच्या मांडणीतील एक मुद्दा आपल्याला फार उपयोगी आहे : एका विभागात निष्णात असलेली परिचारिका अनोळखी विभागात गेली की ती पुन्हा नवशिकीच असते. आयसीयूमध्ये मॉनिटरच्या आवाजावरून रुग्णाची अवस्था ओळखणारी सिस्टर घरी गेल्यावर गोंधळते, कारण तेथे मॉनिटर नसतो. तेथे रुग्णाच्या कपाळावरच्या आठ्या असतात, कूस बदलताना आवळलेली मूठ असते, आणि 'रात्री झोप लागली का' या प्रश्नावर रुग्णाने उत्तर देण्याआधी बायकोने खाली घातलेली मान असते.

माझे स्वतःचे उदाहरण सांगते. पहिल्याच आठवड्यात कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत एका घरी गेले होते. पाटणकडचे कुटुंब, वडील बाजार समितीत ओझी वाहून निवृत्त झालेले, तोंडाचा कर्करोग. मी सवयीने बीपी, नाडी, ताप, ऑक्सिजन अशा सगळ्या नोंदी घेतल्या, व्यवस्थित लिहिल्या आणि निघाले. जिन्यात सुनेने मला गाठले आणि विचारले, "ताई, ते दोन दिवस काहीच बोललेले नाहीत, ते बघितलं का?" मी बघितले नव्हते. त्यांच्या जखमेला वास येत होता आणि नातवंडे जवळ यायची बंद झाली होती, एवढेच त्याचे कारण होते. डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडॅझॉल या जंतुनाशक औषधाची गोळी बारीक कुटून ड्रेसिंगमध्ये वापरायला लागल्यावर चौथ्या दिवशी धाकटा नातू खाटेवर बसलेला दिसला. मी लिहिलेल्या बीपीच्या आकड्याचा त्या घरात कोणालाही काही उपयोग झाला नव्हता.

घरचे लोक ब्युरोकडून (सेविका पुरवणाऱ्या संस्थेकडून) आलेल्या मावशीला आणि मला एकच समजतात. त्याचा राग येतो. काय करावे?

राग येणे स्वाभाविक आहे. आपल्या शहरांत बारा तास रुग्णाजवळ राहणाऱ्या, कोणतीही पदवी नसलेल्या सेविकेलाही 'नर्स' म्हणतात, आणि तीन-चार वर्षे शिकून आलेल्या परिचारिकेलाही 'नर्स' म्हणतात. शेजारी तर आपल्याला बघून "आता कपडे पण बदलणार का?" असे विचारतात. माझा अनुभव असा आहे, की 'मी जीएनएम आहे, मी बीएस्सी आहे' अशी परिचर्येतील पदविका-पदवी सांगून हा फरक कोणाच्याही लक्षात येत नाही. मावशी बेडपॅन देत असताना आपण बाजूला उभे राहून सूचना देत बसलो, तर तो आणखी पुसट होतो. तिच्यासोबत रुग्णाला कुशीवर वळवावे, माकडहाडाजवळची लाल झालेली त्वचा तिला दाखवावी, दर दोन तासांनी कूस बदलण्याचे कारण समजावून सांगावे आणि पुढच्या भेटीत तिने ते केले असेल तर घरच्यांसमोर तिचे नाव घेऊन सांगावे. त्यानंतर ती मावशीच घरच्यांना सांगते, "सिस्टर आल्या की विचारू." आपला वेगळेपणा दुसऱ्याच्या तोंडून सिद्ध झाला, की तो टिकतो.

'परिचारिका' या शब्दात 'चर्' म्हणजे चालणे, फिरणे हा धातू आहे, हे जाता जाता सांगते. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे अशी ट्रान्स-हार्बरची स्थानके उतरत-चढत दिवसाला चार घरे करणाऱ्या बाईला तो शब्द वॉर्डातल्या बाईपेक्षा अधिक शोभतो.

गणवेश घालावा का?

संस्थेचा नियम असेल तो पाळावा. पर्याय असेल, तर आधी घरच्यांना विचारावे. ज्या सोसायटीत आजार लपवलेला आहे, तेथे पांढरा कोट लिफ्टमध्येच सगळे सांगून टाकतो. साधा पोशाख आणि पर्समध्ये ओळखपत्र एवढे पुरते.

रुग्ण जेवत नाही आणि मुलगा म्हणतो, "सलाइन तरी लावा." नाही म्हणताना आपण परिचारिकाच उरत नाही, असे वाटते. हे बरोबर आहे का?

या कामातील सर्वांत अवघड वळण हेच आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. आपल्या समाजात जेवू घालणे हीच माया आहे, आणि ज्याला जेवण जात नाही त्याला सलाइन लावणे ही त्या मायेची वैद्यकीय आवृत्ती आहे. 'उपाशी मारलं' हा ठपका मुलाला आयुष्यभर नको असतो. दुसरीकडे आपलेही सगळे शिक्षण हातांनी काहीतरी करण्याचे आहे. शीर सापडणे, सुई लागणे, थेंब सुरू होणे, यांत आपल्याला आपली किंमत दिसते. त्यामुळे मुलगा आणि सिस्टर अशा दोघांनाही सलाइन हवे असते आणि ज्याला ते लावायचे, त्याला मात्र बहुतेक वेळा त्याचा उपयोग नसतो. अखेरच्या दिवसांत शरीराची पाणी हाताळण्याची क्षमता घटलेली असते. अशा वेळी शिरेतून दिलेले पाणी पायांवरच्या सुजेत आणि छातीतल्या घरघरीत भर घालू शकते. रुग्णाला जी तहान जाणवते, ती बहुधा कोरड्या पडलेल्या तोंडाची असते. ओल्या कापसाने दर तासाला तोंड पुसणे, ओठांना तूप किंवा व्हॅसलीन लावणे, बर्फाचा छोटा खडा किंवा नारळपाण्याचा चमचा देणे, याने ती भागते.

मी हे पुस्तकातून वाचले होते आणि तरीही एकदा चुकले. नौपाड्यातील एका घरात मुलाचा आग्रह आणि माझी अस्वस्थता एकत्र आली. मी डॉक्टरांना फोन करून जवळजवळ हट्टानेच सलाइनची परवानगी मिळवली. रात्रभर त्या आजींच्या छातीतून आवाज येत राहिला आणि पहाटे मुलाने फोनवर मला विचारले, "सिस्टर, हे त्या पाण्यामुळे होतंय का?" मी हो म्हणाले. त्या दिवसापासून सलाइनचा विषय निघाला की मी आधी खाली बसते. उभ्याने दिलेला नकार घरच्यांना हात झटकल्यासारखा वाटतो. मग मुलाच्या हातात वाटी आणि कापूस देऊन तोंड कसे पुसायचे ते त्याच्याकडूनच करवून घेते. त्याला काहीतरी करायचे असते, आणि ते त्याच्या हातून होते. अपवाद असतातच, हे नमूद करायला हवे. उलट्या-जुलाबांमुळे अचानक पाणी कमी झालेल्या, अजून चालत्या-फिरत्या रुग्णाला सलाइनने खरोखर बरे वाटते, आणि कोणता रुग्ण कोणत्या गटातला आहे हे ओळखून डॉक्टरांना नेमके सांगणे हाच आपल्या निर्णयशक्तीचा भाग आहे.

मॉर्फिनच्या बाबतीत आपले स्थान नेमके काय?

मॉर्फिन लिहून देणे हे डॉक्टरांचे काम आहे. मॉर्फिन हे अफूपासून मिळणारे तीव्र वेदनाशामक असल्याने ते अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एनडीपीएस कायद्याखाली येते. हा कायदा १९८५ चा आहे. त्याच्या कठोरपणामुळे अनेक वर्षे वेदनाशमनासाठीही मॉर्फिन मिळणे दुरापास्त होते. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह काही औषधे 'अत्यावश्यक' गटात घेतली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमार्फत ती मिळण्याची वाट सुकर केली. कायद्याने वाट मोकळी केली तरी घरातली भीती मोकळी होत नाही. आणि ती भीती सिस्टरसमोर बोलून दाखवली जाते, डॉक्टरांसमोर क्वचितच. 'व्यसन लागेल', 'हे दिलं म्हणजे संपलंच', 'झोपेतच जातील' ही तीन वाक्ये आपल्याला प्रत्येक घरी ऐकावी लागतात. योग्य प्रमाणात, वेदनेच्या मापाने वाढवत दिलेल्या मॉर्फिनने मृत्यू लवकर येत नाही, हे शांतपणे आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

एवढे सांगून काम संपत नाही. साधी गोळी दर चार तासांनी द्यायची असते, दुखणे सुरू होण्याची वाट पाहायची नसते. रात्री झोपमोड होऊ नये म्हणून अनेकदा झोपतानाचा डोस दुप्पट लिहून दिलेला असतो. बद्धकोष्ठता होणारच, म्हणून जुलाबाचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवे. सुरुवातीला मळमळ होऊ शकते, ती काही दिवसांत ओसरते. हे सगळे घरच्यांना झेपेल असे मांडावे लागते. मी दोनशे पानी वही घ्यायला लावते. एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात गोळी, तिसऱ्यात दुखण्याला दहापैकी किती, आणि चौथ्यात शौचाला झाली की नाही. लिहिता न येणाऱ्या एका आजींनी शून्य ते दहाऐवजी वहीत लहान-मोठ्या रेघा ओढल्या होत्या, आणि डोस वाढवण्यासाठी डॉक्टरांना त्या रेघा पुरेशा होत्या. त्या घरात मी गोळीला एकदाही हात लावला नव्हता. तरी परिचारिका म्हणून माझे सर्वांत चांगले काम मी त्या घरात केले, असे मी मानते.

घरचे दारातच सांगतात, "त्यांना कॅन्सर आहे हे सांगू नका." खोटे बोलायचे का?

खोटे बोलू नये. आणि दाराशी वादही घालू नये. आपल्याकडे ही विनंती मायेपोटी येते. तिला नियमाचे उत्तर दिले, तर पुढच्या भेटीला दार उघडत नाही. मी एवढेच सांगते, "मी आपणहून काही सांगणार नाही, पण त्यांनी मला थेट विचारलं तर मी खोटं बोलणार नाही." बहुतेक घरे हे मान्य करतात. पुढे आठवड्याभरात असे दिसते, की रुग्णाला सगळे माहीत आहे आणि घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून तोही गप्प आहे. कळव्यातील एका काकांनी मला विचारले होते, "गावच्या जमिनीचे कागद आता करून घेऊ की दिवाळीनंतर?" मी त्यांना विचारले, "तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "आता." त्यांना हवे होते ते उत्तर त्यांनीच दिले होते. दोन्ही बाजूंचे मौन सांभाळणारी ती दोघांची विश्वासू, ही भूमिका वॉर्डात क्वचित वाट्याला येते आणि या कामात जवळजवळ रोज.

डॉक्टर सोबत नसताना माझा अधिकार कुठपर्यंत आहे?

नवीन औषध किंवा डोसातील बदल यांसाठी डॉक्टरांशी बोलणे अनिवार्य आहे. मृत्यूच्या कारणाचा दाखलाही परिचारिका देऊ शकत नाही. घरी झालेल्या मृत्यूसाठी तो नमुना ४-अ मध्ये डॉक्टरांनी द्यायचा असतो. तो कोण देणार हे रुग्ण जिवंत असतानाच ठरवून ठेवावे, नाहीतर पहाटे चार वाजता सगळे घर दाखला देणारा डॉक्टर शोधत फिरते. हे आधी ठरवून घेणे कायद्याने कोणी आपल्यावर सोपवलेले नाही, तरी ते सिस्टरकडूनच होते.

तसेच रात्री धाप वाढली तर १०८ ला फोन करून रुग्णालयात न्यायचे की घरीच औषध द्यायचे, हा निर्णय कुटुंबाचा असतो. पण तो शांत दुपारी, चहा घेताना व्हायला हवा, आणि तो विषय काढण्याचे धैर्य आपल्याला दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राद्वारे (लिव्हिंग विल) कृत्रिम जीवरक्षक उपचार नाकारण्याचा अधिकार मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. ज्या थोड्या घरांत असे पत्र असते, तेथे ते कोणत्या कपाटात आहे हे आपल्याला ठाऊक असावे.

फोनवर डॉक्टरांशी कसे बोलतो, यातही ओळख दिसते. 'पेशंट खूप त्रासात आहे' असे सांगितले, तर उत्तरही मोघम येते. 'काल रात्रीपासून तीन वेळा वेदना उसळली, गोळीनंतर अर्ध्या तासाने कमी झाली, शौचाला तीन दिवस नाही, पोट ताठ आहे' असे सांगितले, की पलीकडच्या डॉक्टरांचा सूर बदलतो. घोडबंदर रस्त्यावर दीड तास अडकलेल्या डॉक्टरांचे डोळे आपण असतो.

प्रशिक्षण कोठे मिळते?

इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर या संस्थेचा मूलभूत प्रमाणपत्र अभ्यासक्रम डॉक्टर आणि परिचारिका दोघांसाठी आहे. टाटा स्मारक रुग्णालयाचा उपशामक उपचार विभाग आणि तिरुवनंतपुरमची पॅलियम इंडिया ही संस्था याही ठिकाणी शिकता येते. माझा आग्रह एकच : अभ्यासक्रमाआधी किमान दहा घरभेटी अनुभवी सिस्टरसोबत कराव्यात. त्याशिवाय वर्गात कोणते प्रश्न विचारायचे, हेच कळत नाही.

रुग्ण गेल्यावर रडू येते. हे अव्यावसायिक आहे का?

घरच्यांना आपल्याला सावरावे लागत नसेल, तर मुळीच नाही. खरी चिंता करावी ती रडू येणे पूर्ण थांबल्यावर. तसेच नुकत्याच विधवा झालेल्या बाईला रोज रात्री स्वतःहून फोन करावासा वाटू लागला, तरीही. या दोन टोकांपैकी कोणत्या बाजूला आपण झुकतो, हे वर्षभरात आपले आपल्याला कळते. ते आठवड्याच्या बैठकीत सहकाऱ्यांना सांगायची सवय असावी. साडी, पाकीट, सोन्याचे काही घेऊ नये. नारळ किंवा पेढा नाकारू नये.

सासरचे म्हणतात, "रोज मरणाच्या घरी जातेस." काय उत्तर द्यावे?

माझ्या सासूबाई पहिली दोन वर्षे मला दाराबाहेर पाय धुवायला लावत. मी धुवत असे. वादाने काही बदलले नसते. बदल झाला तो त्यांच्या धाकट्या बहिणीच्या आजारपणात. डोंबिवलीला तिच्या खाटेजवळ बसून त्यांनी मला फोन केला आणि घरघर थांबवायला कोणत्या कुशीवर वळवायचे ते विचारले. सगळ्यांच्याच घरी असे होईल असे नाही. दोन तरुण सहकाऱ्यांनी केवळ घरच्या विरोधामुळे हे काम सोडले आहे, आणि त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही.

तेराव्यानंतर पुन्हा त्या घरी जावे का?

जावे, एकदा तरी. हवेची गादी, सक्शन मशीन अशा वस्तू परत घ्यायच्या असतात, उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून संस्थेत जमा करायच्या असतात, म्हणून जाण्याला कारणही असते. तेथे फारसे बोलावे लागत नाही. 'शेवटी मी पाणी पाजलं नाही, ते चुकलं का?' असा एखादा प्रश्न मात्र हमखास येतो आणि त्याचे उत्तर देऊ शकणारी माणसे फार नसतात. कोपरखैरण्याच्या त्या घरी मी गेले, तेव्हा सुनेने गोळ्यांच्या पाकिटासोबत वहीही हातात ठेवली. शेवटच्या पानावर शेवटच्या ओळीत पहाटे सहाची वेळ लिहिलेली होती, गोळीपुढे 'दिली नाही' असे होते आणि दुखण्याच्या रकान्यात शून्य. वही मी तिलाच परत दिली, कारण आमच्या नोंदींसाठी गोळ्यांची संख्या पुरेशी होती.